सगळ्या गाड्यांवर एकच चेसिस नंबर

इथल्या जुन्या मंडळींना माझं नाव ओळखीचं असेल. कुणी उलटे पाय, पिंपळाखालची बाई वगैरे लिहिलं की खाली "मग फोटो का नाही काढला?" असं विचारून जाणारी ती खडूस बाई मीच. भूतखेत, बाहेरचं, लागीर... असल्या गोष्टींवर माझा कधी म्हणजे कधीच विश्वास नव्हता. आज आहे का विचाराल तर धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. पण जे सांगणार आहे ते भर दुपारी, माझ्या हातातल्या पेन्सिलीने उमटलेलं आहे. आणि हो, फोटो काढलेत. केस कोर्टात आहे म्हणून इथे टाकता येत नाहीत, आणि त्याच कारणाने काही नावंही गाळली आहेत.

मी सविता. माहेर वडनेर भोलजी, सासर नांदुरा. काम गाड्या तपासण्याचं. विमा संपून गेलेली गाडी, फायनान्सवर घ्यायची जुनी गाडी, हप्ते थकले म्हणून ओढून आणलेली गाडी — कंपनीचा फोन आला की स्कूटी काढायची, जाऊन गाडी पाहायची, फोटो काढायचे, रिपोर्ट टाकायचा. बुलडाणा जिल्ह्यात बाईमाणूस ट्रकखाली आडवी होते याचं लोकांना अजून हसू येतं. येऊ द्या. माझं पोट त्यावर चालतं.

या कामात सगळ्यात महत्त्वाचा असतो चेसिस नंबर. म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर कोरलेला सतरा अक्षरा-आकड्यांचा नंबर. नंबर प्लेट बदलते, रंग बदलतो, मालक बदलतो, हा नंबर बदलत नाही. आणि तो वाचता आला तर गाडी स्वतःची कुंडलीच सांगते. सुरुवातीची अक्षरं देश आणि कंपनी. मधली गाडीचा प्रकार आणि इंजिन. दहावं अक्षर बहुतेक ठिकाणी साल, अकरावं कोणत्या प्लांटमध्ये बनली ते. आणि शेवटचे आकडे त्या गाडीचे एकटीचे — दुसऱ्या कुणाचे नाहीत.

हा नंबर नुसता पाहून लिहायचा नसतो, त्याचा पेन्सिल प्रिंट घ्यायचा असतो. काचकागदाने ग्रीस-माती साफ करायची, पातळ कागद घट्ट दाबून धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. कोरलेलं पांढरं राहतं, बाकीचं काळं होतं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो तेच. माणूस लिहिताना चुकतो, फोटोत फेरफार करता येतो, पण पेन्सिल खालच्या लोखंडात जे आहे तेच देते. विम्यापासून आरटीओपर्यंत सगळे त्या कागदावर भरवसा ठेवतात. मीही ठेवत आले.

आता दिगूबद्दल. दिगंबर, माझा पाठचा भाऊ. मोताळा तालुक्यातल्या एका मका-कापसाच्या व्यापाऱ्याकडे तो पिकअप चालवायचा. त्या व्यापाऱ्याला मी इथे नुसतं सेठ म्हणते. गाडी नवीकोरी आली त्या दिवशी दिगू ती घेऊन थेट माझ्या दारात आला. "ताई, वाच ना हिची कुंडली." मी खाली वाकून नंबर वाचला आणि सांगितलं की ही आपल्या महाराष्ट्रातल्याच प्लांटची आहे. केवढा खूश झाला! "म्हणजे आपल्याच घरची पोट्टी हाय म्हन ना!" गाडी सेठची, पण रोज सकाळी तिच्या काचा पुसताना याचा चेहरा असा की हुंड्यात मिळाली आहे.

पुढे एका सकाळी तो मक्याची पोती भरून मलकापूरला निघाला आणि परत आलाच नाही. तोही नाही आणि गाडीही नाही. सेठने त्याच संध्याकाळी तक्रार दिली — ड्रायव्हर मालासकट गाडी घेऊन पळाला. विम्याचा क्लेम त्याला मिळाला. आम्हाला काय मिळालं? गावभर चर्चा. कुणी म्हणे सुरतेला पाहिला, कुणी म्हणे दुसरं लग्न केलं. दिगूच्या पोरीला शाळेत 'चोट्ट्याची पोट्टी' म्हणायला लागले. ज्योती वहिनी, म्हणजे दिगूची बायको, कपाळाला कुंकू लावायची तेव्हा बायका एकमेकींकडे बघायच्या. हळदीकुंकवाला हिला बोलवायचं की नाही असं तिच्यासमोर विचारायच्या हो! सवाष्ण म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर मढं नाही.

मी तेव्हा सेठच्या गोडाऊनवर जाऊन भांडले होते. माझा भाऊ असं करणार नाही म्हणून ओरडले. सेठ खुर्चीतून उठलासुद्धा नाही. दहा माणसांसमोर म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ सापडला त आमालेबी सांगा. आमची गाडी हाय त्याच्यापाशी." सगळे हसले. तो हशा मी विसरले नाही. त्या गाडीचा चेसिस नंबर मी इतक्या ठाण्यांत, इतक्या चेकपोस्टांवर, इतक्या भंगारवाल्यांकडे म्हणून दाखवला आहे की स्वतःचा मोबाईल नंबर चुकेल, तो चुकणार नाही.

काही वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात कंपनीचा नेहमीसारखा फोन. पिकअप, विमा लॅप्स, तपासणी करा. पत्ता धामणगाव बढ्याच्या अलीकडे, शेतातलं गोडाऊन. मालकाचं नाव अनोळखी. मी गेले. ऊन असं की डांबराला चाक चिकटत होतं. तोंडाला स्कार्फ बांधलेला, डोळ्यांवर गॉगल, आमच्याकडे उन्हात सगळ्याच बाया अशा फिरतात. गाडी निळी होती. शेजारी मालक, वीस-पंचविशीचा, मोबाईलमध्ये मान घालून.

मी कामाला लागले. उजव्या बाजूला चेसिसच्या पट्टीवर नंबर होता, स्वच्छ वाचता येत होता. प्लांटचं अक्षर उत्तरेकडच्या एका प्लांटचं. साल जुनं. ठीक आहे, उत्तरेच्या गाड्या इकडे येतात. मग आत बसून सीटबेल्ट ओढला. पट्ट्याच्या मुळाशी शिवलेल्या बारक्या लेबलवर त्याच्या उत्पादनाची तारीख असते, फार कुणी बघत नाही. ती गाडीच्या सालाच्या पुढची. दुसरा पट्टा तसाच. काचेच्या कोपऱ्यातली खूणही तीच सांगत होती. गाडीपेक्षा तिची काच आणि पट्टे धाकटे कसे? म्हटलं, काहीतरी लफडं आहे, अॅक्सिडेंटची गाडी असेल. पुन्हा खाली गेले आणि कागद लावून पेन्सिल घासली.

कागद काढून पाहिला आणि मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं.

कागदावर दिगूच्या गाडीचा नंबर होता. सतराच्या सतरा. लोखंडावर पाहिलं — उत्तरेकडचा. कागदावर पाहिलं — आमचा. दुसरा कागद घेतला, पेन्सिल बदलली. तोच. मी त्या पोराला हाक मारली, म्हटलं नवीन नियम आहे, मालकाच्या हातचाही एक प्रिंट लागतो. त्याने कंटाळत कागद धरला आणि खरडला. त्याच्याही हातातून दिगूच आला. त्याला काय कळतंय त्यातलं, कागद माझ्याकडे देऊन पुन्हा मोबाईलमध्ये.

आणि मागून आवाज आला, "झालं का मॅडम? चहा मागवू का? ऊन लय हाय." सेठ होता. गोडाऊन त्याचं, तो पोरगा त्याचा भाचा. गाडी भाच्याच्या नावावर. स्कार्फ-गॉगलमुळे त्याने मला ओळखलं नाही. मी मान हलवून नको म्हटलं, तिन्ही कागद पर्समध्ये टाकले आणि स्कूटीला किक मारली. पुढच्या वळणावर थांबून रस्त्याकडेला बसले आणि अक्षरशः हंबरडा फोडला. रडू दुःखाचं नव्हतं, सांगते. सापडला होता तो मला!

निदान मला तसं वाटलं. पोलिसांनी सुरुवातीला वेड्यात काढलं, पण तपासाच्या जमादारांनी स्वतः पेन्सिल घासली आणि त्यांचाही चेहरा उतरला. आरटीओच्या साहेबांनी घासली. तोच नंबर. गाडी जप्त झाली, लॅबकडे गेली. आमच्या धंद्यात हे माहीत असतं की नंबर घासून वर दुसरा ठोकला तरी खालच्या लोखंडात पहिल्याची खूण राहते आणि अॅसिड लावलं की वर येते. म्हटलं, पेन्सिलीला तीच खूण लागली असेल. हुश्श झालं, खरं सांगते, बुद्धीला पटणारं कारण मिळालं होतं.

रिपोर्ट आला आणि ते कारणही गेलं. नंबर घासलेलाच नव्हता. चेसिसचा तो तुकडाच दुसऱ्या गाडीचा होता. उत्तरेकडे अपघातात मोडलेल्या एका गाडीचा तुकडा कापून आणून इथे वेल्ड केला होता, वरून रंग मारला होता. म्हणजे त्या लोखंडावर दिगूच्या गाडीचा नंबर कधी नव्हताच. असणं शक्यच नव्हतं! इंजिनही बदललेलं. आणि मूळ तुकडा कापून कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही.

पोलिसांनी धरल्यावर सेठ म्हणाला, "म्या त अशीच जुनी इकत घेतली साहेब, मीबी फसलो." कागद त्याच्या बाजूने होते. त्याच्या वकिलाने कोर्टात माझे प्रिंट हातात धरून विचारलं की डोळ्यांना एक दिसतंय आणि कागदावर दुसरं, मग साक्ष कुणाची घ्यायची, पेन्सिलीची? लोक हसले. पुन्हा तोच हशा. सेठ जामिनावर सुटून बाहेर आला तेव्हा मी कोर्टाच्या फाटकापाशी उभी होते. आता त्याने ओळखलं होतं मला. चालता चालता थांबला आणि हळूच म्हणाला, "सापडला का व भाऊ?"

मी त्याला मारलं असतं. चप्पल हातात घेतलीही होती, जमादारांनी धरलं म्हणून. मग मी तिथेच, फाटकाचा गज धरून, मनात नाही, मोठ्याने बोलले. म्हटलं, "दिगू, माह्यानं जेवढं झालं तेवढं म्या केलं बाप्पा. आता तूच पाह्य याच्याकडं. सोडू नको याले."

मी असं बोलणारी बाई नाही. पण बोलले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सेठचा ट्रक आरटीओकडे पासिंगला गेला. चेसिस प्रिंट घेतला तर कागदावर दिगूचा नंबर. ट्रकवर पिकअपचा नंबर! परत पाठवला. मग त्याने एक पिकअप विकायला काढली, लोणारकडच्या बीबी गावचं गिऱ्हाईक ठरलं. त्याच्या फायनान्सवाल्याने प्रिंट घेतला, दिगूचा नंबर. सौदा मोडला. मग ट्रॅक्टर. मग दुसरा ट्रक. फोटोत बरोबर, डोळ्यांना बरोबर आणि पेन्सिलीला दिगू. एकाही गाडीचा विमा होईना, पासिंग होईना, विक्री होईना. रस्त्यावर काढली की अडवली जायची. आमच्या तपासणीवाल्यांच्या ग्रुपवर एकाने प्रिंट टाकून विचारलं, "हा नंबर कुणी पाहिलाय का? चार गाड्यांवर सेम येतोय, डोकं चालत नाही." मी पाहिलं, मोबाईल खाली ठेवला आणि डाळ शिजायला टाकली. त्या दिवशी मी पुरणपोळी केली. खोटं कशाला बोलू? पोटभर जेवले.

तुम्हाला वाटेल मीच काहीतरी केलं असेल. माझा नवराही असंच माझ्याकडे बघायला लागला होता. अहो, मी त्या गाड्यांच्या जवळपास नव्हते. आरटीओचे साहेब वेगळे, फायनान्सवाले वेगळे, कागद वेगळे. सेठने मेकॅनिक लावले, ग्राइंडर मारून पाहिला, तेलाने धुऊन पाहिलं. कुठून तरी एक महाराज आणला, त्याने प्रत्येक गाडीला लिंबू-मिरची बांधून धूप फिरवला. मला बातम्या सगळ्या कळायच्या, आणि मी एकेक बातमी वहिनीला फोन करून सांगायचे. ती ऐकून घ्यायची. हसायची नाही. फक्त विचारायची, "अजून उभ्याच हायेत ना गाड्या?" मी हो म्हणायचे. "राहू द्या," म्हणायची.

मग एक दिवस सेठचाच फोन. आवाज ओळखू येईना. "सविताताई... एकदा येऊन जा. हात जोडतो."

नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने सेठला तिथेच आडवा केला असता, म्हणून जमादारांना सोबत घेतलं. दुपारची वेळ. गोडाऊनसमोर गाड्या धूळ खात रांगेत उभ्या, एकावरही माणूस नाही. आत सेठ लोखंडी पलंगावर बसलेला. दाढी वाढलेली, बोटं काळीकुट्ट. जमिनीवर पायाला लागतील इतके कागद, सगळे पेन्सिलीने खरडलेले, सगळ्यांवर तोच नंबर. मी पाय कुठे ठेवू ते कळेना.

"बसा," म्हणाला. मी नाही बसले.

त्याने एक कोरा कागद घेतला, पलंगाच्या गजावर दाबला आणि घासला. गुळगुळीत गज हो, त्यावर काही कोरलेलं नाही, रंग सुद्धा नवा. कागद माझ्यासमोर धरला. दिगूचा नंबर. मग वजनकाट्याच्या पत्र्यावर घासला. मग फाटकाच्या कडीवर. "ज्याले हात लावतो त्याच्यावर येते," म्हणाला. मग शर्टाच्या बटणाशी हात नेला आणि तिथेच थांबला. "अंगावरबी येते ताई. पाह्यता का?" मी नको म्हटलं. जमादार दोन पावलं मागे सरकले ते मला दिसलं.

"काय लिवलं हाय ह्याच्यात? तुमाले वाचता येते. मले एकदा वाचून सांगा, मंग हा नंबर कदाचित जाईन."

मी तो कागद घेतला. मी एकेक अक्षरावर बोट ठेवून त्याला वाचून दाखवलं. हे भारताचं. हे कंपनीचं. हे पिकअपचं, ट्रकचं नाही, ट्रॅक्टरचं नाही. हे इंजिनचं. हे साल — ज्या साली तुम्ही माझ्या भावाच्या हातात चावी दिलीत. हे प्लांटचं, आपल्या महाराष्ट्रातल्या. आणि हे शेवटचे आकडे या गाडीचे एकटीचे, जगात दुसऱ्या कुणाचे नाहीत.

"गाडी कुठी बनली ते म्या सांगितलं," मी म्हटलं. "माहा भाऊ कुठी हाय ते आता तुमी सांगा."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेनाच. गाडी चोरीला गेली दाखवायची, क्लेम घ्यायचा आणि दुसरा नंबर जोडून तीच वापरायची असा बेत होता. दिगूला सांगितलं होतं की चारसहा महिने सुरतेला जाऊन राह्य, तिथं काम लावून देतो. दिगू नाही म्हणाला. "माह्या नावावर चोरी लागन सेठ, मले पोरगी हाय," एवढंच म्हणत राहिला. पोलिसात सांगतो म्हणाला. मग सेठने मागून टॉमी घातली. टॉमी म्हणजे चाक काढायची लोखंडी पहार.

"कुठी हाय?" मी पुन्हा विचारलं.

"वरच्या शेतात. जुनी हीर हाय."

त्या विहिरीत मोटारी लावून पाणी उपसलं तेव्हा मी आणि वहिनी काठावर होतो. येऊ नको म्हटलं तरी ती आली. वर आलं ते तुम्हाला सांगत नाही. एवढंच सांगते की ते तरंगून वर येऊ नये म्हणून त्याला तारेने एक जड लोखंड बांधलेलं होतं, आणि ते लोखंड म्हणजे चेसिसचा कापलेला तुकडा होता. मूळ तुकडा. दिगूच्या गाडीचा. गंजाने त्यावर डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पुढे लॅबमध्ये त्यावरचा नंबर निघाला आणि तो जुळला, त्यामुळे आता केस पक्की आहे. सेठ आत आहे.

वहिनी रडली नाही. वाकून विहिरीचं पाणी हातात घेतलं आणि तिथेच, सगळ्या लोकांसमोर, कपाळाचं कुंकू स्वतःच्या हाताने पुसलं. मग वळून गावातल्या माणसांकडे बघत म्हणाली, "आता म्हना चोट्टा." कुणी मान वर केली नाही. ज्या बाया हळदीकुंकवाला मोजूनमापून बोलवायच्या त्यांच्यातल्या दोघी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मला त्यांचीही कीव आली नाही.

तपासण्या होऊन दिगू आमच्या ताब्यात यायला पुष्कळ दिवस लागले. क्रिया करायची ठरली तेव्हा सेठचा मोठा मुलगा वडनेरला आमच्या दारात आला. मुलाचा यात हात नव्हता हे मला माहीत आहे. उंबऱ्याबाहेर बसून हात जोडत होता. बाप आत गेला, पण गाड्यांवरचा नंबर काही जाईना. सगळा धंदा बसला होता. "काकू, एकदा तोंडानं माफ केलं म्हना. आमी काय केलं?" वहिनी उठून आत गेली. मामा, म्हणजे माझ्या आईचे भाऊ, घरातले तेच आता मोठे. त्यांना दया आली. म्हणाले, दहाव्याला बघू, दिगूच्या जिवालाही शांती पाहिजे.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. सकाळचं ऊन, समोर बाभळीवर कावळे भरपूर. एकही खाली येईना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात आणि एकेक जण हात जोडून वचन देतो. मामांनी म्हटलं, पोरीचं शिक्षण आम्ही करू. कावळे जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, वहिनीला एकटं पडू देणार नाही. नाही. घर बघू, पोरीचं लग्न करू, सगळं म्हणून झालं. पिंडावर माश्या यायला लागल्या. मामा वहिनीजवळ गेले आणि म्हणाले, "ज्योते, माफ केलं म्हन पोरी. जीव अडकला त्याचा. सुटू दे."

बायका सहसा मागे थांबतात. वहिनी पुढे गेली. पिंडासमोर हात जोडले आणि म्हणाली, "माफ केलं त्याले."

बाभळीवरचे कावळे एकदम उठले आणि काव काव करत नदीच्या पलीकडे गेले. सगळे. झाड मोकळं झालं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तुम्हाला आधीच सांगितलंय मी कशी आहे ते.

वहिनी तशीच उभी राहिली. मग हात खाली घेतले. आजवर तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "नाई केलं," पिंडाकडे बघत दिगूला म्हणाली. "नाई केलं माफ. म्याबी नाई अन् तुमीबी करू नका. त्याच्या पोरानातवाच्या गाडीले सुदिक सोडू नका."

पलीकडून एक कावळा आला. घिरटी नाही, काही नाही, सरळ पिंडावर उतरला आणि चोच मारली.

मामा खाली बसले. वहिनी पाण्यात उतरली, अंघोळ केली आणि पोरीचा हात धरून घराकडे चालायला लागली.

आता खाली तुम्ही सगळे येणार, मीही आले असते. पेन्सिल खराब होती, आकडे तोंडपाठ होते म्हणून दिसले, सेठ अपराधाने वेडा झाला. बरं. मग आरटीओच्या साहेबांना काय पाठ होतं? बीबीच्या गिऱ्हाइकाच्या फायनान्सवाल्याला? दुसऱ्या गाडीच्या लोखंडात या गाडीचा नंबर कुठून आला? मी धातूच्या लोकांना विचारलं, लॅबवाल्यांना विचारलं, जमादारांना विचारलं. प्रत्येकाने मला दुसऱ्याकडे पाठवलं.

गेल्या महिन्यात बँकेने सेठच्या मुलाकडून ओढून आणलेल्या एका ट्रकची तपासणी माझ्याकडेच आली. मुलगा फाटकाशी उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत. मी कागद लावला, पेन्सिल घासली. दिगूचा नंबर आला, पूर्वीपेक्षा ठळक. मी रिपोर्टवर 'चेसिस नंबर जुळत नाही' असं लिहिलं आणि सही केली. हे कशामुळे होतं ते मला अजून माहीत नाही, आणि ते कधी थांबावं असंही मला वाटत नाही.